शिंपल्यांचा ताईत

"मावशी, काम एवढंच आहे. यांना मरू द्यायचं नाही," पंकजा म्हणाली आणि तिनं प्लॅस्टिकच्या जाळीचा पिंजरा केशरबाईच्या पुढ्यात ठेवला.

केशरबाईनं वाकून आत बघितलं. तीस काळपट शिंपले होते. हालत नव्हते, चालत नव्हते, तोंड मिटून बसले होते.

"जित्ते हायेत का ह्ये?"

"जिवंत आहेत."

"मंग हालत का न्हाईत?"

"ते एका जागी बसतात. पाणी आत घेतात, गाळतात, बाहेर सोडतात. दिवसभर तेच."

"आन खात्यात काय?"

"पाण्यातून जे येईल ते."

"म्हंजी आमच्या ह्यांच्यासारखंच," केशरबाई म्हणाली. ओट्यावर बसून चहा पिणाऱ्या सूर्यभाननं बशी तोंडापासून खाली घेतली, विचार केला आणि परत तोंडाला लावली. बायकोला उत्तर देण्यात तो कधी वेळ घालवत नसे.

खडकमाळवाडीच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला एक कारखाना होता. देवपूजेचे लोटे, कळशा, मूर्ती यांना तिथं तांब्याचा मुलामा चढवायचे. कारखान्याचा एक पाइप झुडपातून गुपचूप ओढ्यात उतरला होता आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला, काठालाच, केशरबाईची विहीर होती. दोन वर्षं झाली, विहिरीच्या पाण्याला कसलातरी वास यायचा. म्हैस बादलीत तोंड घालायची, फुर्रर करायची आणि केशरबाईकडं असं बघायची, की जणू तिनंच काहीतरी कालवलंय. केशरबाईनं पाच अर्ज केले. पाच वेळा सरकारी साहेब आला, पाच वेळा त्यानं बाटलीत पाणी भरून नेलं आणि पाचही वेळा उत्तर आलं, की पाणी चांगलं आहे. कारण साहेब यायच्या आदल्या दिवशीच पाइप बंद व्हायचा. ओढ्यालाही कळायचं, आज पाहुणे येणार.

शेवटी नगरच्या कॉलेजात संशोधन करणारी ही भिंगारची पोरगी गावात आली आणि म्हणाली, "बाटलीला एका दिवसाचं कळतं. शिंपल्याला चाळीस दिवसांचं कळतं. पाण्यात तांबं असलं तर त्याच्या अंगात साठत जातं. कोकणात समुद्राच्या काठानं असंच तपासतात. समुद्रात कोणी काय सोडलं, ते तिथले शिंपले सांगतात."

"समिंद्राचं काम आमच्या ओढ्यात? आमच्याकडं उन्हाळ्यात म्हशीचं शेपूट भिजंना!"

"आत्ता पाणी आहे तेवढ्यात करू. एक पिंजरा कारखान्याच्या वर, पुलाखाली. दुसरा तुमच्या विहिरीपाशी. शिंपले धरणातले आहेत, अगदी स्वच्छ पाण्यातले. चाळीस दिवसांनी दोन्हीकडचे तपासायचे. तुमच्याकडच्यात तांबं जास्त निघालं, तर पाइप बंद. नाही निघालं, तर..." पंकजानं पुढचं वाक्य सोडून दिलं.

ते केशरबाईला ठाऊक होतं. नाही निघालं तर पाइप चालूच राहणार आणि नासक्या पाण्याची विहीर बुजवायची. सासऱ्यानं सुरुंग लावून खडक फोडून काढलेली विहीर. दीर वैजनाथाची आणि त्यांची सामाईक.

"एक लक्षात ठेवा मावशी," जाता जाता पंकजा म्हणाली, "पिंजऱ्यात धातूचं काहीही जाता कामा नये. तार नको, खिळा नको. म्हणून तर दोरीसुद्धा नायलॉनची आणलीय."

"टाचनीसुदिक जानार न्हाई," केशरबाईनं छातीवर हात ठेवून सांगितलं.

अकरा दिवस केशरबाई सकाळ-संध्याकाळ ओढ्यावर जाऊन शिंपले मोजत होती. बाराव्या दिवशी मोजले तर अठ्ठावीस भरले. परत मोजले, अठ्ठावीसच. आणि दोरीची गाठ तिनं मारलेली नव्हती. तिची गाठ उजवी असायची, ही डावी होती.

ती तरातरा घरी आली. "अहो, चोरी झाली! दोन शिंपलं गेलं!"

सूर्यभान लसूण सोलत होता. तो मान वर न करता म्हणाला, "बगळ्यानं नेलं आसतील."

"बगळा गाठ मारून जातो व्हय?"

"शिकलेला आसंल."

"कारखान्याची मानसं हायेत ही. आज दोन न्हेलं, उद्या समदं न्हेतील."

"मंग कुलूप लाव."

हे बोलून सूर्यभाननं दुसरी चूक केली. (पहिली कोणती, ते पुढं कळेलच.) केशरबाईचं माहेर शिंगणापूर. जन्मली त्या घराच्या चौकटीला दार नव्हतं. लग्न होऊन खडकमाळवाडीत आली, तेव्हा नवऱ्याच्या घराला दार, दाराला कडी आणि कडीला कुलूप बघून ती पहिल्या दिवशी रडली होती. ह्या लोकांचा देवावर विश्वास नाही, की ह्या लोकांवर देवाचा विश्वास नाही, हे तिला तेव्हा कळेना आणि अजूनही नीटसं कळलं नव्हतं.

"कुलूप मानूस लावतो," ती म्हणाली. "राखन देव करतो. आन कुलूप लोखंडाचं आसतंय. पोरीनं धातू नको म्हनून सांगितलंय. मी काय यडी हाय?"

आणि धातूचं कुलूप न लावता ती थेट वैजनाथाच्या दुकानात गेली.

वैजनाथ म्हणजे सूर्यभानचा धाकटा भाऊ. शिंगणापूरच्या रस्त्याला त्याचं ताईत, काळे दोरे आणि घोड्याच्या नाला विकायचं दुकान होतं. स्वतःच्या गळ्यात तीन ताईत, मनगटात दोन. अर्ध्या गावाच्या गळ्यात त्याचाच माल. बोलायला लागला की समोरच्याला नसलेली साडेसाती दिसायला लागायची.

"वयनी, शिंपल्यांना ताईत?" त्यानं डोकं खाजवलं.

"का? त्यांना जीव न्हाई?"

"हाय की. जीव तितं पीडा, पीडा तितं ताईत." वैजनाथानं बरणीतून तांबूस, चकचकीत एक ताईत काढला. "ह्यो घ्या. शंभर टक्के शुद्ध तांबं. भाईरच्याला सांगतो त्ये येगळं, घरच्या मानसाला खोटं बोलनार न्हाई."

शुद्ध तांबं. केशरबाईनं हे कानानं ऐकलं, डोळ्यानं बघितलं, कपाळाला लावलं आणि पिंजऱ्याच्या आत काळ्या दोऱ्यानं घट्ट बांधलं. धातूचं काही जाऊ द्यायचं नाही, हेही तिच्या पक्कं लक्षात होतं. पण तिच्या डोक्यात या दोन गोष्टींची गाठच पडली नाही. तांब्याचा लोटा म्हणजे धातू. तांब्याची कळशी म्हणजे धातू. ताईत म्हणजे देव. देवाला कोण धातू म्हणतं?

त्यानंतर एक शिंपला हलला नाही. चाळिसाव्या दिवशी पंकजा आली, तेव्हा अठ्ठावीसच्या अठ्ठावीस हजर. केशरबाईनं जाळीत हात घालून एकेक शिंपला काढून दिला, तिनं ते पिशवीत भरले, बर्फाच्या डब्यात ठेवले आणि पुण्याच्या लॅबला नेले. रिकामा पिंजरा केशरबाईनं गोठ्याच्या आढ्याला टांगून टाकला.

महिन्याभरानं ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सभा भरली. सरपंच सत्यशीलाताई मधल्या खुर्चीत होत्या. कारखान्याचे मॅनेजर सुनील साहेब पांढरा शर्ट घालून एका बाजूला आणि पंकजा कागद घेऊन दुसऱ्या बाजूला. पहिल्या रांगेत वैजनाथ, कारण चहा पहिल्या रांगेपासून वाटतात.

"पुलाखालच्या शिंपल्यांमध्ये तांबं नेहमीइतकंच आहे," पंकजानं वाचलं. "विहिरीजवळच्या शिंपल्यांमध्ये त्याच्या नऊपट आहे."

हॉलमध्ये गलका झाला. केशरबाई उठून उभी राहिली. "सांगत हुते का न्हाई! म्हस सांगत हुती! नऊपट काय? नऊपट..."

आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. शिंपल्यासारखं.

तांबं.

पिंजऱ्यात तांबं.

शंभर टक्के शुद्ध तांबं.

ती मटकन खाली बसली. "अहो," ती सूर्यभानच्या कानात म्हणाली, "ताईत धातू आसतो का हो?"

"आं?"

"ताईत. धातू का देव?"

"सभा चाललीय. गप बस."

"आवो पर दोन्ही आसंल तर?"

तिकडं सुनील साहेब शांतपणे उभे राहिले. "आमची हरकत नाही," ते म्हणाले. "रिपोर्ट मान्य. फक्त ज्या ताईंनी राखण केली, त्यांनी एवढंच लिहून द्यावं, की पिंजऱ्यात बाहेरचं कुठलंही तांबं नव्हतं. म्हणजे विषय संपला."

त्यांनी असाच अंधारात दगड मारला होता. कागद केशरबाईच्या हातात आला, पेन आलं. सगळा हॉल तिच्याकडं बघत होता. सही केली तर विहीर वाचत होती. म्हैस वाचत होती. सासऱ्याचा सुरुंग सार्थकी लागत होता. तिनं पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं. पण जिच्या माहेरच्या घराला दार नाही, तिला आत काही दडवून ठेवायची सवय कुठून असणार?

"पंकजा," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "म्या त्येंना ताईत बांधला हुता गं."

"कुणाला?"

"शिंपल्यांना."

पंकजाचा चेहरा असा झाला, की जणू तिच्या चार वर्षांच्या अभ्यासावर कोणी म्हैस बांधलीय. "मावशी... कशाचा ताईत?"

"तांब्याचा."

हॉलमध्ये कोणी हसलं, कोणी खोकलं. सुनील साहेबांना मात्र भर सभेत दिवाळी झाली.

"आवो पर चोरी झाल्ती!" केशरबाई ओरडली. "दोन शिंपलं चोरीला गेल्तं, म्हनून बांधला!"

"चोरी न्हाई झाली," शेजारून सूर्यभान हळूच म्हणाला.

"काय म्हनला?"

"त्ये दोन मीच काढलं हुतं. मोती हाय का बघाय." तो जमिनीकडं बघत होता. "नव्हता."

केशरबाईनं नवऱ्याकडं बघितलं. त्या बघण्यात पुढच्या पंधरा दिवसांची जेवणं होती.

"वाद कशाला?" सुनील साहेबांना आता वेळ घालवायचा नव्हता. "ताईत कुणाच्या दुकानातला?"

"माझ्या!" वैजनाथ छाती काढून उठला. जाहिरातीची संधी सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"शुद्ध तांबं?"

"शंभर टक्के! म्हाराजाच्या पायाची शप्पत घेऊन सांगतो! आपल्याकडं भेसळ न्हाई!"

"वा. मग एवढं लिहून द्या. म्हणजे शिंपल्यांत जे तांबं निघालं, ते तुमच्या ताईताचं. आमचा पाइप सुटला."

वैजनाथानं मोठ्या तोऱ्यात पेन घेतलं. "मी, वैजनाथ, लिहून देतो की..." एवढं झालं आणि केशरबाईचा आवाज आला.

"भावजी, हिर सामाईक हाय बरं का."

पेन थांबलं.

"तुमची पोरं बी त्येच पानी पित्यात. लिवा, लिवा. शुद्ध तांबं लिवा. मंग पाइप चालू, आन हिर बुजवायला पयली पाटी तुमी टाका."

वैजनाथानं कागदाकडं बघितलं. मग हॉलकडं बघितलं. पहिल्या रांगेत चौदा गळे होते, चौदा गळ्यांत त्याचे चौदा ताईत होते. मालनबाईनं तर सुनेला दिवस जावेत म्हणून घेतला होता आणि नातू बाजूलाच खेळत होता. तांबं म्हणावं तर विहीर जाते. तांबं नाही म्हणावं तर आज आपण घरी कसे जाणार, हे काही त्याला कळेना.

"शुद्ध हाय," तो म्हणाला. "पर तसं शुद्ध न्हाई."

"म्हणजे?" सरपंच सत्यशीलाताईंनी विचारलं.

"म्हंजी भावनेनं शुद्ध हाय. वस्तू म्हनून... आता बगा ताई, तांब्याचं कसं आसतंय... त्ये तांबं आसतंय, पर तांब्यागत आसंलच आसं न्हाई."

"आहे की नाही, एक सांगा!"

"हाय बी," वैजनाथाला घाम फुटला, "आन तुमी म्हनाल तर न्हाई बी."

आता खरं काय ते कोणालाच कळेना. पंकजा म्हणाली, "ताईतच बघूया ना." सूर्यभानला मोटारसायकलवर घरी पिटाळलं. पंधरा मिनिटांत तो पिंजरा गळ्यात अडकवून परत आला. अपराधी माणूस वेगानं गाडी चालवतो.

केशरबाईनं जाळीत हात घालून ताईत बाहेर काढला आणि हाताच्या तळव्यावर ठेवला. तांबूस, चकचकीत. घेतला त्या दिवसासारखा.

सुनील साहेब म्हणाले, "बघा, कसं चमकतंय! अस्सल तांबं!"

केशरबाई मात्र ताईताकडं बघतच राहिली. तिच्या कपाळावर एक आठी आली, मग दुसरी. मालनबाईही पुढं वाकली. मग सत्यशीलाताई खुर्चीतून उठल्या. पुरुषांना काहीच समजलं नाही, पण हॉलमधल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"साहेब," केशरबाई सावकाश म्हणाली, "तुमच्या घरी तांब्याची कळशी हाय का?"

"आमचा कारखानाच तांब्याचा आहे."

"कधी घासलीय?"

"मी?"

"तरीच." केशरबाई उभी राहिली. "माझ्या घरी तांब्याचा हंडा हाय. आट दिस चिंच लावून घासला न्हाई, तर काळा ठिक्कर पडतो. पान्यात ऱ्हायला तर हिरवा पडतो. आन ह्यो बाबा म्हैनाभर ओढ्यात बसून नवरदेवागत चकाकतोय?"

तिनं नखानं ताईत खरवडला. तांबूस रंगाचा पापुद्रा निघाला. अजून खरवडला. खाली निळं निघालं. तिनं दाढेखाली धरून चावला आणि पंकजाच्या हातात दिला.

"प्लॅस्टिक आहे," पंकजा म्हणाली. मग तिला हसू आवरेना. "मावशी, हे पाण्याच्या बाटलीच्या बुचाचं प्लॅस्टिक आहे! यात तांबं नावालासुद्धा नाही!"

"म्हंजी?" सूर्यभाननं विचारलं.

"म्हणजे शिंपल्यांच्या अंगातलं नऊपट तांबं ताईताचं नाही. ओढ्याचंच आहे!"

सुनील साहेब खाली बसले. ते बसले ते खुर्चीच्या काठावर, म्हणून परत उठले, मग नीट बसले. हॉलमध्ये मात्र त्यांच्याकडं कोणाचं लक्षच नव्हतं. सगळा हॉल आपापले ताईत नखानं खरवडत होता. खर्र-खर्र असा नुसता आवाज. निळं, पांढरं, हिरवं, मालनबाईचं तर गुलाबी निघालं.

"वैजनाथ..." मालनबाईनं चप्पल हातात घेतली.

पण वैजनाथ नव्हता. त्याची खुर्ची होती, अर्धा चहा होता आणि "मी, वैजनाथ, लिहून देतो की" एवढं लिहिलेला कागद होता. पंकजानं तो उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहिलं : पिंजऱ्यात कोणताही धातू आढळला नाही. केशरबाईनं खाली सही केली. या वेळी पेन एकदाच टेकलं.

पुढच्या आठवड्यात सरकारी लोक येऊन पाइपाला बूच मारून गेले. म्हशीनं अजून बादली पसंत केली नव्हती, पण फुर्रर करायची थांबली होती. केशरबाईच्या मनात आता एकच हिशोब उरला होता, वैजनाथाचा. आठ दिवस तो गावात फिरकला नव्हता. नवव्या दिवशी दुकान उघडल्याची खबर आली, तशी ती पायातली चप्पल हातात घेऊनच निघाली.

दुकानापुढं रांग होती. वर नवा कोरा फ्लेक्स लावला होता :

'धातू शून्य टक्के! पाण्यात काळा पडत नाही. शिंपल्यांवर अठ्ठावीस दिवस तपासलेला.'

केशरबाईनं तो दोनदा वाचला. ह्यात खोटं काय, ते तिनं शोधून बघितलं. एक शब्द खोटा नव्हता. त्यामुळं तिला जास्तच राग आला आणि त्या रागाचं काय करावं, हेच समजेना. रांगेच्या तोंडाशी पांढरा शर्ट उभा होता. सुनील साहेब.

"लई पीडा चाललीय का साहेब?" वैजनाथ विचारत होता. "खऱ्या तांब्याचा बी ठेवलाय आता. त्यो दावू?"

"नको," साहेब इकडं-तिकडं बघत म्हणाले. "तांब्याचं नाव काढू नका. प्लॅस्टिकचाच द्या."

ते गळ्यात ताईत घालून गेले, तशी केशरबाई पुढं सरकली. वैजनाथानं तिच्या हातातली चप्पल बघितली आणि डोळे मिटून घेतले.

केशरबाईनं परत एकदा फ्लेक्सकडं बघितलं. मग चप्पल जमिनीवर पडल्याचा आवाज आला आणि केशरबाईनं त्यात पाय सरकवला. पंकजा पुढच्या महिन्यात परत शिंपले सोडणार होती, पाण्यात फरक पडला का बघायला. आणि काही झालं तरी, ताईत बांधल्यापासून अठ्ठाविसांतला एकही शिंपला कमी झाला नव्हता.

"एक द्या," ती म्हणाली.

वैजनाथानं एक डोळा उघडला. "वयनी... खरा देऊ का खोटा?"

"खोटाच द्या," केशरबाई म्हणाली. "खरा बांधला तर पंचाईत हुईल."